वाचकांचे प्रश्न : अमारोनेची बाटली, गोव्याची हवा

या वेळच्या टपालात रेड वाइनबद्दलचे बरेच प्रश्न आहेत आणि गंमत म्हणजे त्यातले निम्म्याहून अधिक एकाच वाइनबद्दल आहेत: इटलीतली अमारोने. तारवटी, म्हणजे जहाजावर काम करणाऱ्या लोकांच्या सामानातून ती घरी येते आणि मग तिचं करायचं काय, हे कुणी सांगत नाही.

प्रश्न : माझे दीर जहाजावर असतात. या वेळी त्यांनी 'अमारोने देल्ला वाल्पोलिचेल्ला क्लासिको' अशी बाटली आणली. मागे बारीक अक्षरांत बराच मजकूर आहे, मानेवर नंबर असलेली कागदी पट्टी आहे. ओळखीचा दुकानदार बाटली बघून म्हणाला, "ही घरच्या वायनरीची आहे, जपून ठेवा." त्याला हे कशावरून कळलं? (म्हापसा)

उत्तर : बारीक अक्षरांवरून. पुढच्या लेबलावर राजवाड्याचं चित्र कुणीही छापतो. मागे 'इंबोत्तिल्यातो आल्लोरीजिने' हे शब्द आहेत का बघा. त्याचा अर्थ असा, की ज्याची द्राक्षं, त्यानेच वाइन करून बाटलीत भरली. सहकारी संस्थाही सभासदांच्या द्राक्षांसाठी हे शब्द वापरतात, म्हणून जोडीला उत्पादकाच्या नावापाशी 'आत्सिएंदा आग्रिकोला' हवं. हे शब्द स्वतःच्या मळ्यातली द्राक्षं वापरणारा शेतकरीच लावू शकतो. 'कान्तीना सोच्याले' म्हणजे आपल्याकडच्या सहकारी कारखान्यासारखी व्यवस्था. ती वाईट नसते, पण ती 'घरची' नव्हे. आणि नुसतं 'इंबोत्तिल्यातो दा' लिहून पुढे कंपनीचं नाव असेल, तर वाइन दुसऱ्याने केलेली आणि यांनी फक्त भरलेली, असंही असू शकतं.

बाकी मजकूर सरळ आहे. वाल्पोलिचेल्ला हा वेरोना शहराच्या उत्तरेचा डोंगराळ मुलूख. त्यातल्या नेग्रार, फुमाने, मारानो, सांताम्ब्रोजो आणि सान पिएत्रो इन कारियानो या पाच जुन्या गावांच्या हद्दीतल्या द्राक्षांनाच 'क्लासिको' म्हणता येतं. 'रिझेर्वा' असेल तर वाइन निदान चार वर्षं मुरलेली असते, साधी अमारोने निदान दोन. मानेवरची पट्टी सरकारी आहे. तिच्यावरची 'डीओसीजी' ही अक्षरं म्हणजे इटलीतला सर्वात कडक दर्जा, अमारोनेला तो २०१० पासून मिळाला. पट्टी फाटलेली किंवा पुन्हा चिकटवलेली असेल तर बाटली घेऊ नये.

एक बारकावा. लेबलावरचं साल हे द्राक्षं खुडल्याचं साल. २०१८ लिहिलेल्या अमारोनेची द्राक्षं साधारणपणे २०१९ च्या जानेवारीत चेचली गेलेली असतात. मधले तीन-चार महिने त्यांचं काय चालू असतं, ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न : ही वाइन सुकवलेल्या द्राक्षांची करतात असं वाचलं. म्हणजे मनुकांची वाइन? मग इतकी महाग का? (फोंडा)

उत्तर : मनुका म्हणता येणार नाही. सांगली-तासगावला मनुका करताना द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यातून बुडवून काढतात. त्याने सालीवरच्या मेणाच्या थराला बारीक भेगा पडतात, पाणी भराभर उडतं आणि दोन-तीन आठवड्यांत चार किलोंचा एक किलो होतो. वाल्पोलिचेल्लात यातलं काही करत नाहीत. अख्खे घड, न बुडवता, न धुता, सावलीत आणि थंडीत शंभर ते एकशेवीस दिवस पडून राहतात. दहा किलोंचे सहा-सात किलो होतात, त्यापुढे सुकवत नाहीत. दाणा सुरकुततो, पण जिवंत असतो. आतलं मॅलिक आम्ल तो हळूहळू स्वतःच खातो, साखर दाटते, साल आणि गर यांचं प्रमाण बदलतं आणि ताज्या द्राक्षात नसलेले वास तयार होतात. हेच काम हीटर लावून तीन आठवड्यांत उरकलं, तर साखर मिळते, बाकीचं मिळत नाही.

सुरुवात मळ्यात होते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये विरळ दाण्यांचे घड वेगळे खुडतात. गच्च घडाच्या पोटात हवा खेळत नाही आणि एक फुटका दाणा शेजारच्या दहांना बुरशी देतो. हे घड माळ्यावर एकेरी थरात मांडतात. या माळ्याला 'फ्रुत्तायो' म्हणतात. त्याला दोन्ही बाजूंनी खिडक्या असतात. कोरड्या दिवशी उघडायच्या, धुकं आलं की मिटायच्या. जुन्या घरांत घड 'आरेले'वर ठेवतात. या बोरूच्या तट्ट्या, पूर्वी याच भागात रेशीमकिडे पाळायला वापरत. आता बरेच जण पाच-सहा किलोंच्या उथळ क्रेट वापरतात आणि दमट हवेत पंखे लावतात. पण रोज माळ्यावर चक्कर मारून, घड हातात घेऊन, कुजका दाणा काढून टाकायचं काम पंख्याने होत नाही. छोट्या वायनरीची मजुरी इथे जाते.

द्राक्षांच्या जातीही मुद्दाम निवडलेल्या आहेत. कोर्विना ४५ ते ९५ टक्के (तिच्यातला काही भाग कोर्विनोने असू शकतो) आणि रोंदिनेल्ला ५ ते ३० टक्के. दोघींची साल सुकताना तग धरते. पातळ सालीची द्राक्षं डिसेंबर गाठत नाहीत.

जानेवारीत चेचल्यावर खरी परीक्षा. एका लिटरमध्ये एक टक्का अल्कोहोल व्हायला सुमारे सतरा ग्रॅम साखर लागते. सोळा टक्क्यांच्या वाइनसाठी रसात लिटरला २७० ग्रॅमच्या आसपास साखर हवी. इतक्या साखरेत यीस्ट सुरुवातीला गुदमरतं, शेवटी अल्कोहोलने मरतं आणि मधल्या काळात तळघरातल्या थंडीने सुस्तावतं. त्यामुळे साधी रेड वाइन आठ-दहा दिवसांत आंबते तिथे हिला तीस ते पन्नास दिवस लागतात. मध्येच आंबणं थांबलं तर गोडवा शिल्लक राहतो आणि त्यावर व्हिनेगरचे जंतू चढण्याचा धोका असतो. मुद्दाम थांबवलं तर होते 'रेचोतो', ही तिथली जुनी गोड वाइन. अमारोने म्हणजे हातातून निसटून शेवटपर्यंत आंबलेली रेचोतोच. 'आमारो' म्हणजे कडू, त्यावरून नाव पडलं.

आता किमतीचा हिशेब. शंभर किलो ताज्या द्राक्षांतून साध्या रेड वाइनचे सत्तर लिटर निघतात, अमारोनेचे फार तर चाळीस. त्यात पैसे वर्षानुवर्षं पिंपात अडकलेले.

प्रश्न : 'पारंपरिक पद्धतीची' म्हणजे नेमकं काय? प्रत्येक बाटलीवर 'ट्रॅडिशन' लिहिलेलं असतं. (वास्को)

उत्तर : पिंपाचं माप विचारा. पारंपरिक घरात वाइन 'बोत्ते'त मुरते. हे दोन हजार ते दहा हजार लिटरचं थोराड पिंप, बहुधा स्लाव्होनियातल्या ओकचं, दशकानुदशकं वापरलेलं. नव्या पद्धतीत २२५ लिटरचं फ्रेंच 'बारिक' येतं. (नाव बारिक आणि पिंपही बारीकच, लक्षात ठेवायला सोपं.) पाच हजार लिटरच्या बोत्तेच्या तुलनेत बारिकमध्ये प्रत्येक लिटरला जवळपास तिप्पट लाकूड लागतं. शिवाय ते नवं आणि आतून भाजलेलं असतं. म्हणून व्हॅनिला, भाजलेलं खोबरं, कॉफी असे वास येतात. बोत्ते स्वतःचा वास देत नाही, फळ्यांतून थोडी थोडी हवा मात्र आत जाऊ देते. सुकी चेरी, अंजीर, तंबाखू, कडसर कोको हे वास पुढे असतील तर वाइन बोत्तेतली समजा. आमची पसंती तिलाच. अमारोने मुळातच दाट, तिच्यावर व्हॅनिला म्हणजे पुरणपोळीवर गुलाबजाम.

प्रश्न : आमचं घर जुनं, चिऱ्यांच्या जाड भिंतींचं. आजोबांच्या वेळची काजूची फेणी कोठीत गराफांवमध्ये (काचेच्या मोठ्या बुधल्यात) आहे, उत्तम टिकली. अमारोनेची बाटली तिच्याच शेजारी पाच वर्षं ठेवली तर चालेल ना? (मडगाव)

उत्तर : नाही. फेणीत अल्कोहोल बेचाळीस टक्क्यांच्या आसपास, तिला उन्हाळा काय करणार! अमारोने पंधरा-सोळा टक्क्यांची आहे, आणि तिच्यातली आम्लं, रंग, तुरटपणा देणारं टॅनिन हे सगळं उष्णतेने झपाट्याने बदलतं. तिला बारा ते चौदा अंश सेल्सियस हवेत. चिऱ्यांच्या घरातली सर्वात गार खोलीही एप्रिल-मेमध्ये सत्तावीस-अठ्ठावीसच्या खाली फारशी उतरत नाही. त्यातही वाईट ते चढउतार. दुपारी वाइन फुगते, बूच किंचित वर ढकललं जातं. रात्री आकसते आणि हवा आत ओढते. दोन-तीन महिने कोठीत चालतील, पाच वर्षं नाहीत.

वाइन फ्रिज नसेल तर बाटली साध्या फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात आडवी ठेवा. तिथलं सात-आठ अंश तापमान आदर्श नाही, पण तीस अंशांपेक्षा शंभर पटीने बरं. फ्रिजची हवा कोरडी असल्याने बूच वाळू शकतं, म्हणून मानेभोवती क्लिंग फिल्मचे दोन-तीन वेढे द्या. अशी वर्षभर सहज टिकते. पावसाळ्यात बाहेर ठेवलेल्या बाटलीच्या लेबलावर पांढरी बुरशी धरते. त्याने वाइनचं काही बिघडत नाही, फक्त लेबल वाचता येत नाही. फ्रिजच्या डोक्यावर मात्र कधीही ठेवू नका. तिथे ऊब असते आणि मोटरची थरथरही.

आणि विमानतळावरून घरी येताना बाटली डिकीत टाकू नका. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीची डिकी पन्नास अंशांवर जाते. मोपाहून येताना वाटेत जेवायला थांबलात तेवढ्यात काम होतं. भाजलेल्या वाइनची खूण अशी: बूच काचेच्या कडेपेक्षा वर आलेलं, टोपणाखाली चिकट ओघळ, आणि उघडल्यावर ताज्या फळाऐवजी शिजवलेल्या जॅमचा वास.

प्रश्न : रेड वाइन 'रूम टेम्परेचर'ला प्यावी असं सगळीकडे लिहिलेलं असतं. आम्ही तशी प्यायलो, घशात नुसती जाळली. (पणजी)

उत्तर : ती 'रूम' युरोपातल्या दगडी घरातली, सोळा ते अठरा अंशांची. पणजीतली रूम तीस अंशांची. तीस अंशांवर सोळा टक्के अल्कोहोलची वाफ आधी नाकात जाते आणि तिच्यामागे बाकी सगळं झाकतं. बाटली चाखली तेव्हा तिचा दोष नव्हता.

अमारोने सोळा-सतरा अंशांवर ग्लासात यायला हवी. बाहेर ठेवलेली बाटली असेल तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी घेऊन मानेपर्यंत बुडवा. बारा-पंधरा मिनिटं पुरतात. नुसत्या बर्फात खूप वेळ लागतो, कारण खड्यांमधली हवा उष्णता नेत नाही. फ्रिजमध्ये याच कामाला सुमारे दोन तास. उलट, बाटली फ्रिजमध्येच असेल तर पाऊण ते एक तास आधी बाहेर काढा. ग्लासात एका वेळी शंभर मिलीच्या वर ओतू नका, कारण गोव्यात ग्लासातली वाइन वीस मिनिटांत कोमट होते. बाटली मधल्या काळात गार पाण्यात परत.

प्रश्न : १. तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसले, बाटली टाकून दिली. बरोबर केलं ना? २. दुसऱ्या बाटलीला भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास होता, ती मात्र प्यायलो. (साखळी)

उत्तर : नेमकं उलटं झालं. खडे म्हणजे पोटॅशियम बायटार्ट्रेट, द्राक्षातल्या टार्टारिक आम्लाचं मीठ. चिंचेतही हेच आम्ल असतं. थंडीने ते खाली बसतं, निरुपद्रवी असतं. काचेच्या तुकड्याशी घोटाळा नको म्हणून बोटांत चुरून बघा, खडा चुरतो आणि जिभेवर आंबट लागतो. जुन्या वाइनमध्ये जोडीला काळपट गाळही असतो. बाटली उघडण्याआधी चोवीस तास उभी ठेवा, मग मानेखाली मोबाइलचा टॉर्च धरून स्वच्छ काचेच्या जगमध्ये एका संथ धारेत ओता. गाळाची रेघ बाटलीच्या खांद्याशी आली की थांबा. तळाशी चाळीस-पन्नास मिली राहतील, ते सोडून द्या. जगमध्ये तास-दोन तास ठेवायची तर वर मलमलचं फडकं हवं, नाहीतर चिलटं पहिला घोट घेतात.

पुठ्ठ्याचा वास मात्र खरा दोष. बुचातल्या बुरशीने तयार झालेल्या टीसीए या रसायनाचा तो वास. पावसाळ्यात बंद कपाटातल्या पुस्तकांना येतो तसाच. हवा दिल्याने तो जात नाही, वाढतोच. प्रकृतीला अपाय नाही, पण वाइन मुकी होते. विकत घेतलेली असेल तर परत करा, कुठलंही बरं दुकान बदलून देतं.

प्रश्न : चतुर्थीनंतर पाहुणे येणार आहेत. अमारोनेबरोबर काय रांधावं? मासे तर असणारच. (पेडणे)

उत्तर : मासे असू देत, अमारोने तेव्हा उघडू नका. रेड वाइनमधलं लोह आणि माशाचं तेल एकत्र आलं की तोंडाला धातूची, शिळ्या बांगड्यासारखी चव येते. अमोट-तिखाची मिरची आणि सोळा टक्के अल्कोहोल एकमेकांची आग वाढवतात. विनागर (व्हिनेगर) घातलेल्या सोरपोतेल-चोरीसपुढे वाइन पाणचट लागते.

जमतं ते असं. मटणाची शागुती, मिरच्या निम्म्या करून. भाजलेलं खोबरं, खसखस आणि चक्रीफूल यांचा खमंगपणा अमारोनेच्या कडसर कोकोला बिलगतो. पावसाळ्यातली अळमी (रानातली अळंबी) हातात आली तर त्यांची शागुती मटणाहूनही सरस, कारण अळमींच्या मातकट वासाला या वाइनमध्ये जोड आहे. जेवणानंतर जुनं पार्मेजान चीज असेल तर छोटे खडे करून द्या. बेबिंकाबरोबर नको, गोडापुढे कोरडी वाइन कडवट लागते. बेबिंकाला रेचोतो द्या.

तिखट जेवणच करायचं असेल तर अमारोने वाया घालवू नका. साधी वाल्पोलिचेल्ला घ्या आणि चौदा अंशांपर्यंत गार करा. ती हुर्राकसारखी (काजूच्या रसाच्या पहिल्या धारेच्या दारूसारखी) आहे, ताजी असते तोवर प्यायची, साठवायची नाही.

प्रश्न : अमारोने परवडत नाही, 'रिपासो' त्याच चवीची असते का? (म्हापसा)

उत्तर : त्याच घराण्यातली. अमारोने काढून घेतल्यावर उरलेल्या चोथ्यात साखर आणि यीस्ट दोन्ही शिल्लक असतात. त्यावर साधी वाल्पोलिचेल्ला ओतून काही दिवस ठेवतात, ती पुन्हा आंबते, अल्कोहोल थोडं चढतं आणि अंग भरतं. नेहमीच्या जेवणाला आम्ही तीच सुचवू.

प्रश्न : नाशिकची काळी द्राक्षं पंख्याखाली सुकवून घरी असं काही करता येईल? (डिचोली)

उत्तर : नको. खायच्या द्राक्षांत रस जास्त, आम्ल आणि टॅनिन कमी. त्यातून रंगही धड येत नाही. त्याहून मोठी अडचण हवेची. गोव्यात जानेवारीतही सकाळी दव पडतं, देठापाशी चार-पाच दिवसांत बुरशी दिसते. काळ्या बुरशीच्या काही जाती विषारी द्रव्यं सोडतात, आणि ती आंबण्याने नाहीशी होतात असं धरून चालू नये.

प्रश्न : अर्धी बाटली उरली, आठवडा झाला. आता ओतूनच द्यायची? (पेडणे)

उत्तर : बूच लावून फ्रिजमध्ये असती तर चार दिवस पिण्याजोगी राहिली असती. लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवली असती तर आणखी दोन दिवस. आता तिचं विनागर करा. मात्र तशीच ठेवून होणार नाही, पंधरा-सोळा टक्के अल्कोहोलमध्ये विनागरचे जंतू वाढत नाहीत. जितकी वाइन तितकंच उकळून गार केलेलं पाणी घाला, म्हणजे आठ टक्क्यांवर येते. एक दिवस उघड्या जगमध्ये ठेवा, वाइन टिकवायला घातलेलं सल्फाइट थोडं कमी होतं. मग चौथा हिस्सा माडाच्या सुरेचं घरगुती, न उकळलेलं विनागर घाला. दुकानातलं स्वच्छ, पाश्चराइझ केलेलं चालत नाही, त्यात जिवंत काही नसतं.

भांडं रुंद तोंडाची काचेची किंवा चिनी मातीची बरणी, अर्धीच भरलेली. तांबं, ॲल्युमिनियम नको. वर दुहेरी मलमल घट्ट बांधा आणि अंधाऱ्या जागी ठेवा. वाइनला नकोशी असणारी आपली अठ्ठावीस-तीस अंशांची हवा या जंतूंना अगदी मानवते. दोनेक आठवड्यांत वर गुळगुळीत, सायीसारखी पारदर्शक कातडी धरली तर ती विनागरची आई, तिला हलवू नका. सुरकुतलेला, पिठासारखा पांढरा थर आला तर ते दुसरंच यीस्ट, ते चमच्याने काढून टाका. नेलपॉलिशसारखा वास आला तर हवा कमी पडते आहे, आणखी पसरट भांड्यात ओता. तरीही आठवड्यात वास गेला नाही तर टाकून द्या.

चार ते सहा आठवड्यांनी चव घ्या. आंबटपणा पोहोचला की गाळून लहान बाटल्यांत मानेपर्यंत भरा आणि बूच घट्ट लावा. हवेची जागा ठेवलीत तर अल्कोहोल संपल्यावर हेच जंतू आम्लही खायला लागतात आणि दोन महिन्यांनी बाटलीत तांबूस पाणी उरतं.